दोन कळशा पाणी

मराठी भाषेला प्रेमाच्या शब्दांची वाण कधींच पडली नाहीं. प्रेम, प्रीति, माया, ममता, स्नेह, जिव्हाळा, लोभ, आपुलकी! एकाच भावनेला इतकीं नांवें देणारा समाज फार प्रेमळ असला पाहिजे, असा समज एखाद्या परकीयानें करून घेतला तर त्याला दोष देतां येणार नाहीं. परंतु हे शब्द आपल्या घरांतून दिवसाकाठीं किती वेळां उच्चारले जातात, याचा हिशेब वाचकांनीं एकदां मांडून पाहावा. 'लोभ असावा' हें पत्राच्या शेवटीं येई. पत्रें गेलीं, त्यांच्याबरोबर तो लोभहि गेला. 'प्रेम' हा शब्द नाटक-कादंबऱ्यांनीं व पुढें सिनेमानें असा कांहीं आपल्या मालकीचा करून टाकला कीं, चाळिशी उलटलेल्या गृहस्थानें तो स्वतःच्या बायकोसमोर उच्चारला, तर ती त्याच्या कपाळाला हात लावून ताप पाहील.

आम्ही वसईकडचे कॅथॉलिक. माझ्या आईनें उभ्या जन्मांत मला 'माझें तुझ्यावर प्रेम आहे' असें सांगितल्याचें मला स्मरत नाहीं. ती 'जेवलास का?' असें विचारी. वडील तेंहि विचारीत नसत. माशाचा मधला तुकडा माझ्या पानांत पडला कीं नाहीं, एवढेंच ते तिरक्या नजरेनें पाहत. पण रविवारीं मिस्सेला गेलें कीं सारा मामला पालटे. तेथें वेदीजवळून धर्मगुरु प्रीतीविषयीं बोलत, आणि तेंहि अशा थाटानें कीं, जणूं ती सरकारी सारावसुलीच आहे. देवावर प्रीति करावी, शेजाऱ्यावर करावी, इतकेंच नव्हे तर वैऱ्यावरहि करावी. आणि ही कांहीं सूचना नव्हे, ही आज्ञा आहे! लहानपणीं मला या आज्ञेचें मोठें कोडें पडे. अभ्यास कर, ही आज्ञा समजते. चोरी करूं नको, हीहि समजते. परंतु अमुक एकावर प्रेम कर, असें फर्मान कसें काढतां येईल? 'कारल्याची भाजी खा' असें आईला सांगतां येतें. 'कारल्याची भाजी तुला आवडलीच पाहिजे' असें ती कोणत्या बळावर सांगणार?

हें कोडें मीं अनेक वर्षें मनांत बाळगलें, आणि तें सुटलें, जेवढें सुटलें तेवढें, वसईस नव्हे तर लातुरास.

नोकरीच्या निमित्तानें १९९८ सालीं मी लातूरला आलों. वसईस आमच्या आळींत डावीकडे चुलते, उजवीकडे आत्या आणि समोर आईच्या मावशीचें घर. गल्लीच्या तोंडाशीं क्रूस, विहिरीवर रहाट, वाडीच्या टोकाला बावखळ. तेथें 'शेजाऱ्यावर प्रीति करा' या आज्ञेचा अर्थ नातलगांशीं भांडूं नका एवढाच होता, आणि तीहि पाळणें कठीण जाई! लातुरास 'शेजारी' हा शब्द प्रथमच आपल्या खऱ्या अर्थानें माझ्यापुढें उभा राहिला. मराठवाड्यांत आम्ही मंडळी मूठभर. निजामाच्या राज्यांत शतकानुशतकें असलेला हा मुलूख. औरंगाबादचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला तोच मुळीं १९७७ सालीं. रविवारीं उपासनेला जमणाऱ्यांत कोणी केरळची परिचारिका, कोणी मंगळूरचा बँकेंतला अधिकारी, कोणी आसपासच्या खेड्यांतील शेतमजूर कुटुंब आणि आमच्यासारखीं एक-दोन वसईकर घरें. तिघांचे उच्चार तीन तऱ्हांचे. त्यामुळें 'आमच्या बापा' ही प्रार्थना सुरू एकत्र होई, पण संपे मात्र तीन हप्त्यांत. सोमवार ते शनिवार आमचें जगणें मात्र अशा माणसांत, ज्यांना आमचा क्रूस दवाखान्यावरच्या खुणेसारखा वाटे.

या मुलखाची प्रेमाची बोली निराळी आहे. येथें कोणी कोणावर प्रेम 'करीत' नाहीं. येथें माणसें 'जीव लावतात'. पोटचें असो वा परक्याचें, मूल म्हणजे 'लेकरू', आणि आई म्हणजे 'माय'. 'लई जीव लावला त्यानं,' असें म्हणतांना येथील बाई आवाज खालीं आणते. जीव लावणें या शब्दांत करण्याचा भाग आहे, वाटण्याचा नव्हे, हें माझ्या ध्यानांत यावयास बराच काळ लागला. धर्मपंडितांनींहि दुसरें काय सांगितलें आहे? तेराव्या शतकांतल्या संत थॉमस अक्वायनस यानें प्रेमाची व्याख्या दुसऱ्याचें भलें इच्छिणें अशी केली आहे. इच्छिणें, आवडणें नव्हे. एकदां हा भेद पटला कीं आज्ञेचें कोडें पुष्कळसें सैल होतें. आवड हुकमानें येत नाहीं. भलें करण्याचा निश्चय मात्र हुकमानें करतां येतो, रडत-कुढत कां होईना.

या 'रडत-कुढत'चें शास्त्र एका चोवीस वर्षांच्या मुलीनें लिहून ठेवलें आहे. फ्रान्समधील लिझ्यू गांवच्या कार्मेल मठांत तेरेझा नांवाची ही मुलगी १८८८ सालीं, वयाच्या पंधराव्या वर्षीं दाखल झाली आणि क्षयानें १८९७ सालीं वारली. तिच्या आठवणी दुसऱ्याच वर्षीं छापून निघाल्या. पुढें चर्चनें तिला संतपद दिलें, आणि १९९७ सालीं चर्चची आचार्या म्हणूनहि मान्यता दिली. या आचार्येची विद्या कोणती? मठांत एक भगिनी होती. तिचें बोलणें, चालणें, सारेंच तेरेझेला खटके. हिनें ठरविलें कीं, जी आपल्याला अत्यंत प्रिय असती तिच्याशीं जसें वागलों असतों तसेंच हिच्याशीं वागावयाचें. भेट झाली कीं हसावयाचें. फारच असह्य झालें तर कांहीं निमित्त काढून पळ काढावयाचा. शेवटीं त्या भगिनीनेंच एके दिवशीं विचारलें कीं, माझ्यांत असें काय आहे कीं तूं मला पाहून इतकी आनंदतेस? दुसरी एक जण प्रार्थनेच्या वेळीं मागें बसून चमत्कारिक आवाज काढी. ऐकून तेरेझेला घाम फुटे. तिसरी धुणें धुतांना मळकें पाणी तिच्या तोंडावर उडवी. तोंड पुसावयाचें नाहीं, एवढीच तिची तपश्चर्या! एका लंगड्या, किरकिऱ्या वृद्ध भगिनीला संध्याकाळीं हात धरून भोजनगृहांत नेणें आणि तिच्या भाकरीचे तुकडे करून देणें, हें तिनें आपण होऊन मागून घेतलेलें काम. संतचरित्रांत वाघ-सिंह, तुरुंग, फांस यांची अपेक्षा धरणाऱ्या वाचकाला हें पुस्तक पुळचट वाटेल. मलाहि पूर्वी थोडेंसें तसेंच वाटे. आतां वाटतें कीं, सिंहाच्या जबड्यांत एकदांच जावयाचें असतें. किरकिऱ्या म्हातारीचा हात रोज संध्याकाळीं धरावा लागतो.

तेरेझा वारली ती तारीख ३० सप्टेंबर. लातुरांत ही तारीख कोणालाहि दुसऱ्याच कारणानें पाठ आहे. १९९३ सालच्या ३० सप्टेंबरला, गणपति बोळवून थकलेलीं माणसें झोंपलीं असतां, पहांटे तीन वाजून छपन्न मिनिटांनीं किल्लारीची भूमि हादरली, आणि दगडमातीच्या जाड भिंती व त्यांवरचीं मातीचीं जड माळवदें निजलेल्यांच्या अंगावर आलीं. हजारों माणसें गेलीं. त्यानंतर देशोदेशींहून मदत आली. तिची गणती ग्रंथांत झालेली आहे. मला त्या भागांतल्या एका म्हाताऱ्यानें सांगितलेली गोष्ट मात्र कोणत्याहि ग्रंथांत नसेल. तो म्हणाला, "मास्तर, कांबळीं मिळालीं, पत्रे मिळाले, भांडीं मिळालीं, कोणी दिलीं तीं तोंडं काय ध्यानांत राहत नाहींत. पण माझी नात होती चार वर्सांची. तिच्या केसांत माती बसली होती, डोक्याला कोणाला हात लावूं देईना. लोक गाडीतून सामान उतरवीत होते, आणि एक बाई तिला मांडीवर घेऊन दुपारपर्यंत केस विंचरीत बसली. एक-एक खडा काढला तिनं." ती बाई कोण, कोठची, कोणत्या धर्माची, हें त्यानें विचारलें नाहीं, तिनेंहि सांगितलें नाहीं. आमच्या प्रश्नोत्तरीच्या पुस्तकांत दयेचीं सात शारीरिक कृत्यें पाठ करून घेतात: भुकेल्याला अन्न, तहानेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, निराश्रिताला आसरा, आजाऱ्याची व बंदिवानाची भेट आणि मृताला मूठमाती. केस विंचरणें हें त्यांत येत नाहीं. तें कोठें घालावें?

त्या सातांपैकीं दुसरें कृत्य आमच्या दारीं आलें २०१६ सालीं. मांजरा धरण कोरडें पडलें होतें. नळ हा शब्द संभाषणांतून गळून पडला. पाण्याच्या टाक्यांपाशीं मारामाऱ्या होऊं नयेत म्हणून सरकारनें तेथें जमावबंदीचें १४४ कलम लावलें. पाणी भरावयास पांच माणसें जमणें हा गुन्हा ठरावा, ही गोष्ट आमच्या वसईच्या पूर्वजांना सांगितली असती तर त्यांनीं ती थट्टाच समजली असती. १२ एप्रिलला मिरजेहून रेल्वेचे दहा डबे पांच लाख लिटर पाणी घेऊन आले तेव्हां स्टेशनावर लोक गाडी पाहावयास गेले. पुढें पन्नास डब्यांची गाडी येऊं लागली. कृष्णेचें पाणी रुळांवरून मांजरेच्या गांवाला! आमच्या घरमालकाच्या बोअरला मात्र, कां कोण जाणे, पहांटे थोडा वेळ धार येई. दहा, फार तर बारा कळशा भरत, आणि मोटर गुरगुरूं लागे.

आमच्या भिंतीला भिंत लागून एक निवृत्त कारकून राहतात. त्यांचें आणि आमचें सांडपाण्याच्या नालीवरून वांकडें होतें. पण खरी अढी नालीची नव्हती. एका नाताळांत आमच्या सौ.नें पाठविलेलें करंज्यांचें ताट वरचा रुमाल न उचलतां परत आलें होतें, आणि 'हे लोक आधीं खायला घालतात, मग बाटवतात' हें त्यांचें वाक्य गल्लींत फिरत फिरत आमच्यापर्यंत पोंचलें होतें. असल्या वाक्यानें जें दुखतें तें शिवीनें दुखत नाहीं. शिवी आपल्या रागाला उत्तर देण्याची मुभा देते. येथें आपल्या चांगुलपणालाच आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें केलें जातें, आणि जितकें अधिक चांगलें वागावें तितका आरोप पक्का होतो.

अशा माणसाच्या ओट्यावर सौ. रोज पहांटे दोन कळशा पाणी नेऊन ठेवूं लागली. त्यांची पत्नी गुडघ्यांनीं अधू, मुलगा पुण्याला. टँकरच्या रांगेंत त्यांचा निभाव लागत नसे. मला न विचारतां तिनें हें सुरू केलें. बारांतल्या दोन म्हणजे आमच्या घरच्या अंघोळी. चौथ्या दिवशीं ते गृहस्थ कठड्याशीं येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, स्पष्ट विचारतों. तुम्हांला आमच्याकडून नक्की काय पाहिजे?"

त्या क्षणीं मी तोंड उघडलें असतें तर एक प्रवचनच झालें असतें. माझ्याजवळ साहित्य होतें. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनीं २५ डिसेंबर २००५ या तारखेचें आपलें पहिलेंच परिपत्रक प्रेमावर लिहिलें, आणि त्यांत स्वच्छ बजावलें कीं, प्रेमाची सेवा हें कोणाला धर्मांत ओढण्याचें साधन नव्हे. प्रेम फुकट असतें, दुसरा कांहीं हेतु साधण्यासाठीं तें करावयाचें नसतें. हें सारें मी त्यांना सप्रमाण सांगणार होतों. परंतु सौ. माझ्याआधीं बोलली. "कळशी पाहिजे, काका," ती म्हणाली. "रिकामी झाली कीं कठड्यावर ठेवीत जा. पहांटे भरायला भांडीं कमी पडतात."

ते कांहीं बोलले नाहींत. मात्र दुसऱ्या आठवड्यापासून कळशा परत येत त्या लखलखीत होऊन. पाणी तर नव्हतें. कोरड्या राखेनें घासलेल्या असत. त्या घरांतल्या बाईंचे गुडघे जमिनीवर बसूं देत नव्हते, तेव्हां ही राख कोणाच्या हातची याचा तर्क करणें कठीण नव्हतें.

वाचकांना येथें गोष्टीचा गोड शेवट हवा असेल तर माझा नाइलाज आहे. त्याच वर्षीं सप्टेंबर-ऑक्टोबरांत पाऊस असा कोसळला कीं मांजरा धरण भरून वाहिलें, आणि आमचें शेजाऱ्यांशीं बोलणें होतें तेवढ्यावरच आलें. नालीचा वाद अजून आहे. एका रात्रीं मीं सौ.ला, थोडासा भावनावश होऊनच, म्हटलें, "तुझं मन मोठं आहे." ती वैतागली. "मन कसलं? मला ते गृहस्थ मुळींच आवडत नाहींत. पण भिंतीपलीकडून रिकामं भांडं खरवडल्याचा आवाज आला कीं मला झोंप येत नव्हती, एवढंच." तेरेझेचें पुस्तक तिनें वाचलेलें नाहीं.

नांदेडला आमचे एक नातलग असतात. त्यांच्याकडे गेलों कीं मी सचखंड गुरुद्वाऱ्याच्या लंगरांत एकदां तरी जेवून येतों. गुरु गोविंदसिंग १७०८ सालीं जेथें निवर्तले तें हें स्थान. पंगतींत बसतांना कोणी नांव-गांव विचारीत नाहीं; वाढणारा फक्त हात पुढें करा म्हणतो. तेथेंच एका वृद्ध सेवेकऱ्याकडून मीं भाई कन्हैया यांची कथा ऐकली. आनंदपूरच्या वेढ्याच्या वेळीं हे गृहस्थ पखाल घेऊन जखमींना पाणी पाजीत, आणि त्यांत शत्रूचे सैनिकहि असत. तक्रार गुरूंपर्यंत गेली. गुरूंनीं विचारलें तेव्हां ते म्हणाले कीं, मला तेथें मित्र आणि शत्रु असे दोन दिसतच नाहींत. गुरूंनीं त्यांना मलमाची डबी दिली आणि यापुढें पाण्याबरोबर मलमपट्टीहि करीत जा, असें सांगितलें. कथा ऐकून मला आपल्या पैठणचे एकनाथ आठवले. रामेश्वराला नेण्यासाठीं आणलेली काशीची कावड त्यांनीं वाळूंत तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडीं रिती केली. नाथांनीं १५८४ सालीं ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हां फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाला गोव्यांत येऊन पांच वर्षें झालीं होतीं. त्यानें पुढें १६१६ सालीं मराठी ओवींत ख्रिस्तपुराण छापून काढलें. या दोघांची गांठ पडली असती तर काय बोलणें झालें असतें, याची कल्पना करण्यांत माझा नांदेड-लातूरचा एस्. टी.चा प्रवास बरा जातो. गाढवाच्या बाबतींत तरी त्यांचें एकमत झालें असतें.

परंतु वाळवंटांतलें गाढव आणि रणांतला शत्रु यांच्यावर प्रेम करणें एका दृष्टीनें सोपें. तीं पाणी पिऊन आपल्या वाटेनें जातात. घरांतलें माणूस जात नाहीं. वडील गेल्यावर, त्या दुष्काळाच्याच वर्षीं, माझी आई आमच्याकडे राहावयास आली. विहिरी आणि बावखळांच्या मुलखांतून आलेल्या त्या म्हातारीनें आयुष्यांत प्रथम पाणी मोजून वापरलें. ती धास्ती तिच्या मनांत जी बसली ती बसलीच. आतां तिची स्मृति गेली आहे. माझें नांव तिला कधीं आठवतें, कधीं नाहीं. नातवंडांना ती आपलीं भावंडें समजते. वसईची वाडी, वडील, माझें लग्न, सारें पुसलें गेलें, आणि २०१६ सालचा उन्हाळा तेवढा उरला. "नळ आला का ग, बाय?" हा प्रश्न ती सुनेला दिवसांतून वीस वेळां विचारते. "आला, आई," म्हणून सांगितलें तर पांच मिनिटांनीं पुन्हां विचारते. रात्रीं दोन वाजतां उठून रिकामे तांबे हुडकते. मोठ्या दुष्काळांत शेजाऱ्याला पाणी पुरविणारी आमची सौ. या एका प्रश्नानें रडकुंडीला येते. एकविसाव्या वेळेला तिच्या आवाजाला धार चढते, आणि मग ती स्वयंपाकघरांत जाऊन उगीचच भांडीं लावीत बसते. मी त्या वेळीं बहुधा वर्तमानपत्राआड असतों.

वैद्यांनीं समजूत घालूं नका, वादहि घालूं नका, असें सांगितलें आहे. तेव्हां आमच्या घरांत अलीकडे एक रीत पडली आहे. संध्याकाळीं दिवेलागणीला, जपमाळेच्या आधीं, कोणीतरी एक कळशी कांठोकांठ भरून आईच्या खाटेशीं आणून ठेवतो. वार लावलेले आहेत, सोमवार-गुरुवार माझे. आई खाटेवरून वांकून आंत पाहते. मग दोन बोटें पाण्यांत बुडविते, खरोखरच पाणी आहे याची खात्री करून घेते, आणि तींच ओलीं बोटें कपाळाला लावून क्रुसाची खूण करते. 'प्रणाम मरिये' तिला अजून पाठ आहे, पहिल्यापासून शेवटपर्यंत.